कातकऱ्यांचा कात, बाटलीतले कॅटेचिन

औषधांच्या दुकानात हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. त्यांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘कॅटेचिन’ असा शब्द छापलेला असतो. वजन उतरते, हृदय सुधारते, म्हातारपण लांबते, असे बरेच काही त्या एका शब्दाच्या भरवशावर सांगितले जाते. शब्द परदेशी वाटतो खरा, पण त्याचे मूळ आपल्या पानाच्या डब्यात आहे. कॅटेचिन हे नाव ‘कॅटेचू’वरून आले आणि कॅटेचू म्हणजे आपला कात. पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या वाटेवर कापडे लागते. उमरठ तानाजी मालुसऱ्यांचे आणि पलीकडचा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा, म्हणून या भागाचा इतिहास बहुधा तलवारीच्या अंगाने सांगितला जातो. याच महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर राहणाऱ्या एका समाजाच्या नावातच हा पदार्थ आहे, तो समाज म्हणजे कातकरी. या पदार्थाने आरोग्याला नेमका काय लाभ होतो, हा प्रश्न आज प्रयोगशाळेला विचारला जातो. माझे म्हणणे असे, की त्याचे बरेचसे उत्तर काताच्या धंद्याच्या इतिहासात पडलेले आहे. कातात एक गुण खरा आहे. तो जिथे लागतो तिथे आवळतो, धरून ठेवतो. कात करणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना हा गुण ठाऊक होता, त्याची मात्राही ठाऊक होती. गेल्या दोनशे वर्षांत रसायन जसजसे शुद्ध होत गेले तसतशी त्याच्याकडून असलेली अपेक्षा फुगत गेली, आणि कसोटीला जे उतरले ते मुख्यतः जुन्याच गुणाचे.

गावांच्या आणि जातींच्या नावांवरून इतिहास उभा करणे धोक्याचे असते. काताने कापड रंगवत, म्हणून कापडे गावाच्या नावाचा कापडाशी संबंध जोडण्याचा मोह होईल, पण तो आवरलेला बरा. कातकऱ्यांच्या नावाची गोष्ट तशी नाही. १८४३ साली जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी या वन्य जमातींवर लेख प्रसिद्ध केला, त्यात ‘कातोडी’ हे नाव काताच्या धंद्यावरून पडल्याचे सांगितले आहे. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या खंडांत या समाजाची वर्णने आली, आणि १९३४ साली अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. लेखी वर्णनांचा भर उत्तरेकडे आहे. महाड-पोलादपूरच्या बाजूला, सावित्री नदीच्या खोऱ्यात, साक्ष उरते ती नावाची आणि झाडाची. ‘कॅटेचू’ या शब्दाबद्दल कोशकारांत एकमत नाही. कोणी मलय भाषेकडे बोट दाखवतात, कोणी कानडी ‘काचू’कडे. मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ऐकून लिहिलेला ‘काते’ हा आपला कातच आहे, यात शंका घ्यायला जागा नाही.

कात निघतो खैरातून. झाड काटेरी, फार उंच न वाढणारे, उतारावर आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे. त्याची साल आणि सालीखालचे पांढरे लाकूड टाकून द्यायचे, लालसर गाभा तेवढा घ्यायचा, त्याच्या ढलप्या काढायच्या आणि त्या मडक्यांत पाणी घालून तासन्‌तास उकळायच्या. पाण्याला रंग आणि दाटपणा आला की ते गाळून पुन्हा आटवायचे, निववायचे, आणि घट्ट झालेल्या लगद्याच्या वड्या वाळवायच्या. हंगामाच्या आरंभी कातकरी एका खैराला शेंदूर लावीत, नारळ देत, धूप जाळीत आणि कामाला यश दे, असे त्या झाडालाच विनवीत, अशी नोंद आहे. या कृतीत रसायनशास्त्र पुरेपूर आहे. कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते, गार पाण्यात फारसे राहत नाही, म्हणून काढा निवला की त्याचे बारीक कण खाली बसतात. आजच्या कारखान्यांतही हेच तत्त्व वापरतात. गारव्याने खाली बसतो तो पानात जाणारा कात, आणि वर उरते त्या गडद द्रवापासून रंगाऱ्यांचा आणि चांभारकामाचा माल होतो. कोळ्यांची जाळी आणि गलबतांची शिडे कुजू नयेत म्हणून याच मालात बुडवून काढीत. भट्टीपाशी बसलेल्या माणसाला रेणू माहीत नव्हता. पण गरम पाण्यात काय येते आणि गार पाण्यात काय उरत नाही, हे त्याला माहीत होते, आणि ही पहिली पायरी कोणत्याही रसायनशाळेला चुकवता आलेली नाही.

काताचे पहिले तपशीलवार युरोपीय वर्णन गोव्यात छापले गेले. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि १५६३ साली त्याने इथल्या वनौषधींवर संवादरूपाने ग्रंथ काढला. त्यातला एक संवाद कातावर आहे. वसई, मनोर, दमण या बाजूला ही झाडे होतात, लाकूड तोडून उकळतात आणि मग त्याच्या वड्या करतात, असे तो सांगतो. वड्या करताना काय मिसळतात, ही त्याने दिलेली माहिती महाड-पोलादपूरच्या माणसाला घरची वाटेल. ते मिश्रण नाचणीच्या पिठाचे, कधी त्यात एका काळ्या लाकडाची राखही. नाचणी म्हणजे काळपट बारीक दाणा, त्याची भाकरीही होते, असेही तो समजावून सांगतो. म्हणजे डोंगरातल्या माणसाचे धान्य आणि डोंगरातल्या झाडाचा अर्क एकाच वडीत होते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, सोळाव्या शतकातला कात हा शुद्ध पदार्थ नव्हता. तो पिठाने बांधलेला, कधी राख मिसळलेला, कमी-जास्त ताकदीचा माल होता. दुसरी अशी, की तो पोटभर खायचा पदार्थ कधीच नव्हता. पानाला लावायचा तो बोटाने, औषधात घालायचा तो चिमटीने. चार मुख्य जिनसांच्या साध्या विड्यातही आणि तेरा जिनसांच्या त्रयोदशगुणी विड्यातही काताचे माप तेच राहिले. त्याचा तुरटपणाच जास्त खाऊ देत नाही.

युरोपच्या औषधविक्यांनी पुढे याच वड्यांना ‘तेरा जापोनिका’, म्हणजे जपानची माती, असे नाव दिले. वाळलेली वडी मातीच्या ढेकळासारखी दिसे आणि ती आशियाच्या व्यापारातून येई, एवढ्या भांडवलावर हे नाव सतराव्या शतकात रूढ झाले. ती माती नाही आणि जपानचीही नाही, हे कळल्यावरसुद्धा नाव बराच काळ टिकले. तिच्यात नेमके काय आहे, हा प्रश्न लागला तो वैद्यकामुळे नव्हे, तर चामड्यामुळे. कातडे कमावायला इंग्लंडात ओकची साल वापरीत आणि तिला पर्याय हवा होता. जोसेफ बँक्स यांनी दिलेला मुंबईचा आणि बंगालचा कात हंफ्री डेव्ही यांनी तपासला आणि १८०३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईच्या २०० ग्रेन कातात १०९ ग्रेन टॅनिन निघाले, बंगालच्या कातात ९७. एक पौंड कात सात-आठ पौंड ओकच्या सालीचे काम करील, असा त्यांचा हिशेब होता. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरते, त्यामुळे कातडे कुजत नाही, त्याचे चामडे होते. जिभेवरचा तुरटपणाही याच जातीचा, कारण लाळेतली प्रथिने बांधली जातात आणि तोंड आवळल्यासारखे होते. कातडे, जीभ, हिरड्या, आतडे असे ठिकाण कोणतेही घ्या, क्रिया एकच आहे. कातामुळे काय साधेल आणि काय बिघडेल, हे दोन्ही या एका क्रियेवरून बरेचसे ओळखता येते.

कॅफीन वेगळे काढणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनीच १८२१च्या सुमारास कातातून स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला. त्याला पुढे कॅटेचिन हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कार्ल फ्रॉइडेनबर्ग यांनी त्याची रचना उलगडली. टॅनिनची भिंत मानली तर कॅटेचिन ही तिची एक वीट. विटा जोडत गेल्या की धरून ठेवण्याची ताकद वाढत जाते. १९२९ साली जपानमध्ये मिचियो त्सुजिमुरा यांनी हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले. पुढे १९३२ साली कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या जपानी स्त्री ठरल्या. कोकणच्या काताला चुकून जपानची माती म्हणणाऱ्यांची चूक अशी तीनशे वर्षांनी उलट्या बाजूने फिरून आली. जपानच्या चहात सापडलेल्या द्रव्याला नाव मिळाले ते काताचे. त्यानंतर कोको, सफरचंद, द्राक्षे, नाचणीचे तांबूस टरफल अशा अनेक ठिकाणी या कुळातली द्रव्ये आढळली, आणि ‘कॅटेचिन आरोग्याला चांगले’ हे वाक्य आकार घेऊ लागले. या वाक्याला इथून पुढे झाड उरले नाही, जागा उरली नाही आणि मापही उरले नाही.

आता लाभाचा पुरावा पाहू. जुन्या वैद्यकात खैराचे मोठे स्थान त्वचेच्या विकारांत आहे. चरकाने कुष्ठावरच्या द्रव्यांत खदिराला अग्रस्थान दिले. खदिरादि वटी तोंडात धरून चघळतात, ती तोंड आल्यावर आणि घसा बसल्यावर. इंग्रजांच्या अधिकृत औषधसंहितेतही काताच्या चघळायच्या वड्या होत्या आणि जुलाबावर काताचे चूर्ण व अर्क देत. कातडी, तोंड, घसा, आतडे ही सगळी शरीराची बाहेरची किंवा आतली अस्तरे आहेत. द्रव्य रक्तात उतरून दूरच्या अवयवाला दुरुस्त करील, अशी अपेक्षा या उपयोगांत नाही. ते जिथे टेकते तिथे आवळते. नव्या काळात कॅटेचिनकुळातली दोन औषधे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कडक कसोटीतून पार झाली. २००६ साली हिरव्या चहाच्या कॅटेचिनांचे मलम मंजूर झाले, ते जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी. २०१२च्या अखेरीस क्रोफेलेमर हे औषध मंजूर झाले, ते एचआयव्हीच्या रुग्णांना होणाऱ्या जुलाबांसाठी. ते दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकापासून करतात, आणि त्याची रचना कॅटेचिन व त्याच्या भावंडांच्या विटा जोडूनच झालेली आहे. ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, आतड्यातच काम करून निघून जाते. म्हणजे एक औषध कातडीवर, दुसरे आतड्याच्या अस्तरावर. त्यांची क्रिया केवळ तुरटपणाची नाही, प्रत्येकीचे स्वतःचे बारकावे आहेत. पण ही द्रव्ये लागल्या जागी उपयोगी पडतात, ही जुनी अटकळ आधुनिक परीक्षेतही खरी ठरली.

याच्या शेजारी आतून होणाऱ्या लाभाचा इतिहास ठेवून पाहावा. शुद्ध कॅटेचिन ‘सायनिडॅनॉल’ या नावाने युरोपात यकृताच्या विकारांवर गोळीच्या रूपात विकले जात होते. काही रुग्णांत त्यामुळे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागले आणि १९८५ साली ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले. २०१८ साली युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हिरव्या चहाचा पुरावा तपासला. घरी उकळून प्यायलेला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित. पण त्यातल्या मुख्य कॅटेचिनचा दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक डोस गोळीतून घेतला, तर यकृतावर ताण पडल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असा त्याचा निर्वाळा होता. म्हणजे ज्या यकृताच्या नावाने एक औषध विकले गेले, त्याच यकृताची काळजी दुसऱ्या गोळीमुळे करावी लागली. परीक्षानळीत कॅटेचिन उत्तम ऑक्सिडेशनरोधक आहे, हे खरे. पण पोटात गेलेल्यापैकी थोडाच भाग रक्तात उतरतो, त्याचेही रूप यकृत आणि आतडी झपाट्याने बदलतात. नळीतला गुण शरीरात जसाच्या तसा मोजता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. लागल्या जागचा गुण तेवढा खरा म्हणणे फार संकुचित नाही का? कोकोतल्या कॅटेचिनकुळातल्या द्रव्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, हे २०१२ साली त्याच युरोपीय प्राधिकरणाने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी मान्य केले आहे. ते मान्य करायलाच हवे. आतून परिणाम होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. पण रक्तवाहिनी थोडी सैल होणे आणि माणसाचा हृदयविकार टळणे यांत अंतर आहे. ते अंतर मोजण्यासाठी अमेरिकेत ‘कॉसमॉस’ ही मोठी चाचणी झाली. २१,४४२ वयस्कर माणसांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको द्रव्ये दिली, उरलेल्यांना नुसत्या दिसायला सारख्या गोळ्या. २०२२ साली निष्कर्ष आले. हृदयविकार, पक्षाघात वगैरे एकूण घटनांत निर्णायक घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. हा आशेचा धागा आहे आणि तो पुढे तपासला जावा. त्यावर बाटलीवरची ठाम वाक्ये उभी राहत नाहीत. कोणी खदिरारिष्टाकडेही बोट दाखवील, कारण ते तर पोटातच घेतात. पण त्यात देवदार, बावची, दारुहळद, त्रिफळा असा मोठा परिवार असतो. त्याचा गुण आला तरी तो एकट्या कॅटेचिनच्या खात्यावर मांडता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की हा जुन्याचा अभिमान आहे. रेणू वेगळा काढला म्हणून तर मात्रा मोजता आली. भट्टीवरच्या वडीत आज किती आणि उद्या किती, हे कोण सांगणार? हे अगदी बरोबर आहे. सायनिडॅनॉलचा अपाय कळला तो ते द्रव्य शुद्ध होते म्हणूनच. कशाने बिघडले हे शोधताना शंभर संशयित नव्हते. शुद्धीकरणाशी माझे भांडण नाही. भांडण त्या उडीशी आहे, जी चिमटीच्या अनुभवावरून मुठीच्या मात्रेचे आश्वासन देते. शिवाय परंपरेला मी सूट देत नाही. कात ज्या विड्यातून शतकानुशतके गेला, त्यातली सुपारी कर्करोगजनक आहे आणि तंबाखूशिवायचा सुपारीचा विडासुद्धा, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिला. पुढे तोच कात गुटख्याच्या पुडीत गेला, आणि महाराष्ट्राला २०१२ साली गुटख्यावर बंदी घालावी लागली. तोंड आल्यावर आराम देणारे द्रव्य तोंड नासवणाऱ्या मिश्रणाचा भाग झाले. त्याचा स्वभाव बदलला नव्हता, सोबत बदलली होती. बाटलीला जो प्रश्न विचारायचा तोच पुडीला आणि विड्यालाही विचारला पाहिजे. किती, कशाबरोबर आणि कुठे लागणार?

हा प्रश्न कापड्यासारख्या गावात सर्वांत जास्त बोचतो तो ताटापाशी. सह्याद्रीच्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची पिके. नाचणी पौष्टिक आहे, तिच्यातले कॅल्शियम प्रसिद्ध आहे. पण तिच्या तांबूस टरफलात टॅनिने असतात, आणि धरून ठेवणारे द्रव्य माणूस पाहून धरत नाही. जेवणातल्या लोहालाही ते धरते आणि त्याला रक्तात जाऊ देत नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण बरेच कमी करतो, हे १९७०च्या दशकातच मोजून झाले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भाकरी आणि कोरा चहा यांवर दिवस काढणाऱ्या बाईला ‘कॅटेचिनने आरोग्य सुधारते’ असे सांगणे निव्वळ निरुपयोगी नाही, ते उलटे आहे. पोटभर खाणाऱ्याला जी तुरट चव लाभाची वाटते, ती अपुऱ्या ताटात तोट्याची ठरू शकते. यावर उपायही स्वयंपाकघरातच आहेत. नाचणीला मोड आणले किंवा आंबील केली की तिच्यातली खनिजे अंगी लागायला मदत होते. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणापासून तास-दोन तास लांब ठेवला की बरेचसे साधते. या युक्त्या पैसे मागत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही.

शेवटचा आक्षेप उरतो. द्रव्याच्या गुणदोषांची चर्चा ठीक, पण कातकऱ्यांचा धंदा गेला याचा आरोग्याशी काय संबंध? संबंध सरळ आहे. १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि खैर तोडून भट्टी लावणे हे परवान्याचे, मग गुन्ह्याचे काम झाले. नाव कातकरी राहिले आणि हातातून कात गेला. मुंबईला लागणारा कोळसा पाडणे, शेतमजुरी, आणि नंतर पावसाळा सरला की घर बंद करून वीटभट्टीवर जाणे, असा हा समाज सरकत गेला. आज महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमातींत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. १९६४च्या राज्य वृक्षतोड कायद्यात खैर हे अनुसूचित झाड आहे, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा खैरही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि कातकऱ्याच्या नावावर बहुधा बांधच नसतो. रायगडात दळी म्हणून कसायला मिळालेल्या जंगलजमिनींचे दावे २००६च्या वनहक्क कायद्याखाली चालले, काही मान्य झाले, पुष्कळ रखडले. कात मात्र आजही होतो, चिपळूण तालुक्यात सावर्ड्याच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. पण त्या धंद्यात कातकरी मालक म्हणून दिसत नाही.

झाड राखण्यासाठी कायदा नको होता, असे यावरून म्हणता येत नाही. खैराला तोडल्याशिवाय कात निघत नाही, आणि मागणी वाढल्यावर बेबंद तोड झाली असती, हे उघड आहे. पण ज्याला कोणते झाड गाभ्याने भरले आहे आणि कोणते अजून कोवळे, हे नजरेने कळे, त्याला राखणीतून वगळून जंगल राखता येईल, हे त्या कायद्याचे गृहीत होते, आणि त्याची किंमत एकाच बाजूने मोजली. म्हणून ‘या वनस्पतिद्रव्याचा आरोग्याला लाभ काय’ हा प्रश्न कातकऱ्याच्या बाजूने विचारला, तर उत्तर निराळे येते. त्याने कात औषध म्हणून किंवा पानात थोडाफार खाल्ला असेल. पण कातापासून त्याच्या अंगाला जे लागले, ते मुख्यतः कात विकून आलेल्या धान्यातून लागले. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाला तो लाभ कोणत्याही गोळीतून परत मिळणार नाही. खैराची लागवड आणि त्यातला हिस्सा वनहक्काच्या जमिनींवर या समाजाकडे आला, तर कॅटेचिनचा एक तरी आरोग्यलाभ वादातीत ठरेल. तोवर या द्रव्याबद्दल खात्रीने सांगण्यासारखे थोडके आहे. लागल्या जागी ते आवळते, चिमटीत असले तर उपयोगी पडते, अपुऱ्या ताटात लोहाला अडवते आणि मूठभर घेतले तर यकृताला जाचते. काताची वडी जिभेवर ठेवणाऱ्याला यातले चिमटीचे माप जीभच सांगत असे. गोळीला चव नसते, म्हणून ते माप आता तिच्या बाटलीवर छापावे लागेल.